चिवितावेक्कियाला मुक्काम करावा का? क्रूझच्या आधीची रात्र आणि नंतरचा दिवस

आधी प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. ठाण्याचं चौघांचं कुटुंब आहे: नवरा-बायको, शाळकरी मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या आई, ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे. सप्टेंबरमध्ये सात रात्रींची क्रूझ. जहाज रविवारी संध्याकाळी चिवितावेक्कियाहून निघतं, ग्रीसची बेटं आणि तुर्कस्तानातलं कुशादासी करून पुढच्या रविवारी पहाटे तिथंच परत येतं. मुंबईचं विमान शनिवारी दुपारी दीडला रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर उतरतं. परतीचं विमान क्रूझ संपते त्याच रविवारी रात्री पावणेदहाला. शनिवारची रात्र रोममध्ये काढावी की बंदराच्या गावात, आणि शेवटच्या रविवारी मधल्या वेळात रोम उरकून घेता येईल का, असं विचारलंय.

मी टूर मॅनेजर म्हणून मराठी गट घेऊन या बंदरातून बऱ्याचदा जहाजावर चढले आणि उतरले आहे. आता अशा कुटुंबांच्या स्वतंत्र सहली आखून देते. माझं उत्तर सरळ आहे: शनिवारी चिवितावेक्कियालाच राहा आणि परतीच्या रविवारी रोमचा नाद सोडा. ही दोन्ही मतं तुमच्या तारखा, तुमचं सामान आणि आईंचे गुडघे पाहून बनली आहेत. यातलं काही बदललं, तर उत्तरही बदलेल. ते कसं, तेही सांगते.

खरा प्रश्न रोम की चिवितावेक्किया हा नाहीच. प्रश्न असा आहे की जहाज सुटायच्या आधी तुमच्या आणि जहाजाच्या मध्ये किती गोष्टी बिघडू शकतात. कागदावर चिवितावेक्किया म्हणजे 'रोमचं बंदर', पण ते रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटर दूर आहे. रोमच्या तेर्मिनी स्टेशनवरून प्रादेशिक गाडीला सव्वा तासाच्या आसपास लागतो. गाड्या बऱ्या आहेत, पण इटलीत रेल्वेचे संप होतात आणि ते बऱ्याचदा शुक्रवार ते रविवार असे येतात. संपाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेतल्या प्रादेशिक गाड्यांची हमी असते, पण ती कामाच्या दिवसांपुरती. रविवारी ती धरून चालू नका. टॅक्सी मिळते, पण त्या दिवशी सगळ्यांनाच टॅक्सी हवी असते. अकरा-बारा तासांचा प्रवास करून आलेल्या आईंना शनिवारी संध्याकाळी रोमच्या हॉटेलात नेऊन, दुसऱ्या सकाळी परत चार बॅगा बांधून स्टेशन गाठायचं, आणि एवढं करून रोम पाहायला मिळणार दोन-तीन तास, तेही थकलेल्या डोळ्यांनी. हा सौदा मला पटत नाही.

तुमच्याकडे आधी दोन-तीन रात्री असत्या तर मी उलट सांगितलं असतं. तेव्हा रोमलाच राहायचं आणि निघायच्या दिवशी सकाळच्या गाडीनं बारापर्यंत बंदरावर पोचायचं. त्यासाठी शेवटची रात्र मुद्दाम गावात काढायची गरज नसते. हातात एकच रात्र असेल, तर मात्र ती बंदरावर.

आता शनिवारचा हिशेब. दीडला उतरलात की इमिग्रेशन, सामान आणि आईंची व्हीलचेअर धरून बाहेर पडायला तीन-साडेतीन होतील. रेल्वेनं जायचं तर विमानतळावरून रोमा त्रास्तेवेरे स्टेशनला उतरून तिथं चिवितावेक्कियाची गाडी पकडायची. रोम शहरात शिरायची गरज नाही. स्वस्त आणि सोपा मार्ग आहे, मी तरुण जोडप्यांना तोच सांगते. तुम्ही चौघं, चार मोठ्या बॅगा आणि फलाट बदलताना जिने, हे पाहता आधी ठरवलेली मोटारगाडी घ्या. तासाभरात हॉटेलच्या दारात पोचाल, आणि चौघांत भाडं वाटलं की फरक तेवढा टोचत नाही. रेल्वेनंच जाणार असाल तर एक लक्षात ठेवा: प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवावा लागतो, आणि मोबाइलवरच्या तिकिटाला चेक-इन करावं लागतं. तिकीट काढूनही दंड भरणारे आपले लोक मी पाहिले आहेत, आणि तपासनीस सहसा ऐकून घेत नाही.

हॉटेल स्टेशन आणि किल्ला यांच्या मधल्या पट्ट्यात घ्या. समुद्राकाठचा व्हियाले गारिबाल्दी हा रस्ता तिथूनच जातो. बुकिंग करताना लिफ्ट आहे का हे लेखी विचारा, आणि लिफ्ट रस्त्याच्या पातळीपासून सुरू होते का तेही. बऱ्याच इमारतींत लिफ्टपर्यंत पोचायलाच सात-आठ पायऱ्या असतात. आणि तिथंच विचारून ठेवा की पुढच्या रविवारी, क्रूझहून परत आल्यावर, सामान दिवसभर ठेवून घ्याल का. बहुतेक हॉटेलं जुन्या पाहुण्याला नाही म्हणत नाहीत. परतीच्या दिवसाचा निम्मा प्रश्न या एका ईमेलनं सुटतो.

गाव कसं आहे ते आधीच स्पष्ट सांगते, म्हणजे अपेक्षाभंग नको. फ्लॉरेन्स-सिएना डोक्यात ठेवून गेलात तर निराश व्हाल. मे १९४३ पासून दोस्त राष्ट्रांनी या बंदरावर बॉम्बफेक केली आणि जुनं गाव मोठ्या प्रमाणावर जमीनदोस्त झालं. म्हणून समोर दिसतात त्या बऱ्याच इमारती युद्धानंतरच्या, साध्या सिमेंटच्या. पण मधूनमधून जे टिकलंय ते फार जुनं आहे. हे बंदर रोमन सम्राट ट्रेजननं इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला बांधायला घेतलं. बांधकाम चालू असताना धाकटा प्लिनी हा रोमन लेखक तिथं सम्राटाचा पाहुणा होता आणि त्यानं एका पत्रात ते वर्णन करून ठेवलंय: रुंद नावांतून प्रचंड दगड आणतात, बंदराच्या तोंडाशी एकावर एक पाण्यात टाकतात, आणि ते आपल्याच वजनानं घट्ट बसून हळूहळू बेट वर येतं. लाटा अडवायला केलेलं हे कृत्रिम बेट. जहाजाच्या डेकवर उभं राहून बाहेरचा लांबलचक बंधारा बघाल तेव्हा तुमच्या मुलीला हे नक्की सांगा. काम तेच आहे, फक्त आता क्रेन आहेत.

बंदराच्या काठावरच मायकेलअँजेलोचा किल्ला उभा आहे. नाव त्याचं असलं तरी पाया घातला वास्तुकार ब्रामान्तेनं, १५०८ मध्ये, पोप दुसरा ज्युलियस याच्या काळात. तो पूर्ण झाला १५३० च्या दशकात, धाकट्या अंतोनियो दा सांगाल्लोच्या हातून. चार कोपऱ्यांना गोल बुरूज आणि समुद्राच्या बाजूला अष्टकोनी मोठा बुरूज. या अष्टकोनाचा वरचा भाग मायकेलअँजेलोचा, असं परंपरेनं मानतात, त्यावरून हे नाव. आत जायला मिळेलच असं नाही, पण बाहेरून फेरी मारली तरी पुरतं. तिथून जवळच जुन्या बंदराच्या भिंतीला लागून व्हानव्हितेल्लीचं अठराव्या शतकातलं कारंजं आहे. तेही वाटेत बघून घ्या.

शनिवारी सहापर्यंत खोलीत पोचलात, अंघोळी झाल्या की साडेसहाला बाहेर पडा. सप्टेंबरच्या मध्यात सूर्य साडेसातच्या सुमारास मावळतो आणि इथला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. शनिवारी संध्याकाळी गावातली माणसं आजी-आजोबांपासून बाबागाडीतल्या पोरांपर्यंत समुद्राकाठच्या 'मारिना'वर फिरायला येतात. सपाट, रुंद रस्ता आहे, बसायला बाकं आहेत. आईंना इथं बसवून तुम्ही आइस्क्रीम आणा आणि तासभर काहीही न करता बसा. तुमच्या संपूर्ण प्रवासात इटालियन माणूस स्वतःच्या गावात कसा जगतो ते बघायची संधी ही एवढीच आहे. बाकीचा आठवडा तुम्ही पर्यटकांच्या गर्दीतच असणार.

जेवायला साडेसातच्या आत जाऊ नका, स्वयंपाकघरं उघडलेलीच नसतात. बंदराचं गाव आहे, त्यामुळे मासे खाणाऱ्यांची चैन आहे. तुम्ही लिहिलंय की आई शाकाहारी आहेत आणि अंडंही चालत नाही, म्हणून जरा तपशिलात सांगते. पिझ्झा मारिनारा मागवा. नावावरून मासे वाटतात, पण त्यात टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढंच असतं, चीजही नसतं. पास्त्यात वाळवलेला घ्यायचा, म्हणजे स्पागेत्ती, पेन्ने वगैरे. तो नुसत्या गव्हाच्या रव्याचा असतो. ताजा पास्ता बहुधा अंड्यात मळलेला असतो, तो टाळा. 'आल्यो ए ओल्यो' म्हणजे लसूण आणि तेल, 'आर्राब्याता' म्हणजे तिखट टोमॅटो, हे दोन्ही आईंना आवडतील. रिझोत्तो आणि सूप जपून घ्या, कारण भाज्यांच्या सूपलाही मांसाच्या रश्शाचा आधार असू शकतो. सुप्ली नावाचे तळलेले भाताचे गोळे दिसायला आपल्या बटाटेवड्यासारखे असतात, पण त्यात बऱ्याचदा खिमा असतो. वेटरला एवढंच सांगा: 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा उओवा', म्हणजे मांस, मासे, अंडं नको. चीजबद्दल काटेकोर असाल तर पेकोरिनो आणि पार्मेझान दोन्ही वासराच्या किंवा कोकराच्या रेनेटनं, म्हणजे जठरातून काढलेल्या विरजणानं, बनतात, हे माहीत असू द्या. बिलात माणशी थोडे पैसे 'कोपेर्तो' म्हणून लागतील, तो ब्रेड आणि टेबलाचा आकार असतो.

रविवारी सकाळी एक ठिकाण तुम्ही चुकवू नये असं मला मनापासून वाटतं. ते म्हणजे जपानी हुतात्म्यांचं चर्च. मराठी माणसाचा या गावाशी जो धागा जुळतो, तो इथं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ ख्रिश्चनांना क्रुसावर चढवून मारलं गेलं. त्या २६ जणांत एक होते गोन्सालो गार्सिया, आपल्या वसईत जन्मलेले, आई इथली आणि वडील पोर्तुगीज. ते व्यापारासाठी जपानला गेले, मनिलात फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती साधूंच्या संघात दाखल झाले आणि पुन्हा जपानला परतले. १८६२ मध्ये पोपनं या सगळ्यांना संतपद दिलं. वसईचं गोन्सालो गार्सिया कॉलेज ज्यांच्या नावानं आहे, ते हेच. चिवितावेक्कियातलं हे चर्च याच २६ जणांना वाहिलेलं आहे.

युद्धात ते पडलं, पुन्हा उभं राहिलं, आणि १९५० च्या दशकात लुका हासेगावा या जपानी चित्रकारानं ते आतून रंगवलं. वेदीमागच्या अर्धगोल भिंतीवर मेरी आहे आणि ती किमोनो नेसलेली आहे, कडेवरचं बाळही जपानी वेषात. बाजूला नागासाकीची दृश्यं. इटलीत चर्च बघून बघून डोळे थकतात, पण हे चित्र तुम्हाला दुसरीकडे दिसणार नाही. चित्रकार इथवर का आला, यालाही इतिहास आहे: १६१५ मध्ये जपानमधल्या सेन्दाईच्या सरदाराचा दूत हासेकुरा त्सुनेनागा पोपच्या भेटीला जाताना याच बंदरात उतरला होता. त्याचा पुतळा गावात आहे. मी गटाला इथं नेते तेव्हा नालासोपारा-वसईचं कुणी असलं की ती मंडळी भिंतीसमोरून हलत नाहीत. रविवारी प्रार्थना चालू असते, तेव्हा त्या वेळा टाळून जा, आणि खांदे-गुडघे झाकलेले असू द्या. किल्ल्यापासून ते थोडं दूर आहे, आईंसाठी टॅक्सी करा.

बंदरावर कधी जायचं? तुमच्या चेक-इनची वेळ क्रूझ कंपनी देईल, ती पाळा. लार्गो देल्ला पाचे नावाचा चौक आहे, तिथून जहाजांपर्यंत बंदराची बस जाते. जहाजं फार आत लागतात, सामान घेऊन चालत जायचा विचारही करू नका. माझी पद्धत अशी: साडेअकरा-बाराला पोचायचं, मोठ्या बॅगा हमालांकडे द्यायच्या, आईंना जहाजावर जेवायला बसवायचं. दुपारी बाकीच्यांना पुन्हा गावात यायचं असेल, तर बहुतेक जहाजं कार्ड दाखवून उतरू देतात. पण त्या दिवशीचा नियम गँगवेवरच, म्हणजे जहाजाच्या शिडीपाशीच, विचारा आणि शेवटच्या चढण्याच्या वेळेच्या तासभर आधी परत या. जहाज कुणासाठी थांबत नाही.

व्हिसाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुशादासी वाचून मी थबकले. तुर्कस्तान शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे. तिथं गेलात की शेंगेनमधून बाहेर पडलात, आणि ग्रीस-इटलीत परत येणं ही दुसरी एंट्री. त्यामुळे तुमचा शेंगेन व्हिसा मल्टिपल एंट्रीचा हवा. अर्ज करतानाच क्रूझचा पूर्ण मार्ग जोडा आणि पत्रात हे स्पष्ट लिहा. सिंगल एंट्रीवर कंपनी तुम्हाला जहाजावरच घेणार नाही. तुर्कस्तानसाठी स्वतंत्र काय लागतं ते कंपनीकडून लेखी घ्या.

आता परतीचा रविवार. तुमच्या मनात आहे तसं रोम धरून बघू. जहाज सहा-सातला लागलं, तरी उतरून सामान हातात यायला साडेआठ-नऊ. बस आणि स्टेशन करून गाडी मिळेल साडेनऊ-दहाची. व्हॅटिकनजवळच्या सान पिएत्रो स्टेशनला तुम्ही अकराच्या आसपास. पावणेदहाच्या विमानासाठी पावणेसातला विमानतळावर हवं, म्हणजे रोममधून पाचच्या आत निघायचं. मधले पाच-सहा तास बरे वाटतात, पण तो रविवार आहे. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात, फक्त महिन्याचा शेवटचा रविवार उघडा. दुपारी बाराला पोपच्या प्रार्थनेसाठी चौक माणसांनी भरतो. सेंट पीटर्स चर्चमध्ये शिरायला सुरक्षा तपासणीची रांग, ऊन, आणि सोबत चार बॅगा किंवा सामानघर शोधायचा खटाटोप. आईंना हे झेपणार नाही, आणि त्या नाही म्हणणारही नाहीत. दमलेल्या आई मग रात्रभर विमानात पाय चोळत बसतील.

तुमच्या जागी मी असते तर दोनपैकी एक केलं असतं. पहिला पर्याय, विमान दोन दिवस पुढे ढकलता येत असेल तर रोमला दोन रात्री द्या. क्रूझनंतरचं रोम निवांत असतं, कारण कुठलंही जहाज सुटायची धास्ती नसते. तारीख बदलायचा खर्च एकदा विचारून बघा, कधीकधी तो वाटतो त्यापेक्षा कमी निघतो.

ते शक्य नसेल तर तार्क्विनिया. चिवितावेक्कियाच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर टेकडीवरचं गाव. रोमच्याही आधी मध्य इटलीत एत्रुस्कन लोक होते, त्यांची रंगवलेली थडगी इथं आहेत, २००४ पासून जागतिक वारसा यादीत. हजारो थडग्यांपैकी दोनशेच्या आसपास रंगवलेली, आणि त्यातली मोजकी बघायला खुली असतात. जमिनीवर फक्त लहानशी खोपटी दिसते. दार ढकलून उंच पायऱ्यांनी खाली उतरायचं, काचेच्या दाराशी थांबायचं आणि दिव्याचं बटण दाबायचं. बिबट्यांच्या थडग्यात समोरच्या भिंतीवर दोन बिबटे, खाली पंगत मांडलेली, बायका-पुरुष एकाच बाजेवर रेलून जेवतायत, बाजूला जोडपावा वाजवणारा. अडीच हजार वर्षांपूर्वीचा रंग आहे, आणि तो लाल-निळा अजून तजेलदार दिसतो. मृत्यूच्या खोलीत इतका आनंद रंगवलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. तुमची मुलगी चित्रं काढते असं तुम्ही लिहिलंय, तिच्यासाठी हे रोमच्या धावपळीपेक्षा मोलाचं ठरेल.

अडचण आईंची आहे, कारण प्रत्येक थडग्याला जिना आहे. म्हणून तुम्ही दोघांनी आळीपाळीनं उतरा, किंवा आईंना गावातल्या चौकात कॉफी घेऊन बसवा. गावात वितेल्लेस्की राजवाड्यातलं संग्रहालय आहे, तिथं पंख असलेल्या दोन घोड्यांचं भाजलेल्या मातीचं शिल्प आणि काही थडग्यांतून काढून आणलेली मूळ भित्तिचित्रं आहेत. तिथंही वर जायला जिने आहेत, तेव्हा लिफ्ट चालू आहे का ते तिकीट काढण्याआधी विचारा. सोमवारी दोन्ही ठिकाणं बंद असतात, तुमचा रविवार आहे म्हणून जमतंय. रेल्वे स्टेशन गावापासून दूर, टेकडीखाली आहे आणि रविवारी बस विरळ, त्यामुळे दिवसभरासाठी गाडीच ठरवा.

दिवस असा लावा. साडेनऊपर्यंत हॉटेलात सामान टाका, गाडीवाला तिथूनच घेईल. दहा ते एक तार्क्विनिया, तिथंच जेवण. अडीचपर्यंत चिवितावेक्किया, आईंना समुद्राकाठी किंवा हॉटेलच्या लॉबीत तासभर आराम. साडेचारला त्याच गाडीनं सामान घेऊन फ्युमिचिनो. रविवारी संध्याकाळी समुद्राकडून रोमकडे परतणाऱ्या गाड्यांची गर्दी असते, म्हणून पाचच्या पुढे निघायचा मोह नको.

आईंची व्हीलचेअर विमान कंपनीकडे आणि क्रूझ कंपनीकडे वेगवेगळी नोंदवावी लागते, एकीकडे सांगितलं म्हणून दुसरीकडे कळत नाही. आणि क्रूझवाल्यांना चढण्याच्या दिवसासोबत उतरण्याच्या दिवसाचीही सांगा. ती बहुतेक जण विसरतात.